स्वतःशीच न जुळणारा आकडा

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात, सायन्स म्युझियममध्ये, कांसं, बीड आणि पोलाद यांचं एक ५ टनी धूड उभं आहे. सुटे भाग मोजले तर ८,०००. चार्ल्स बॅबेजने १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे आराखडे काढले, पण त्याच्या हयातीत यंत्र काही उभं राहिलं नाही. १९९१ साली त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली, तेव्हा म्युझियमने त्याच आराखड्यांवरून आकडेमोडीचा भाग घडवला आणि जवळजवळ दीडशे वर्षं कागदावर पडून असलेलं गणित कांशाच्या चाकांनी बिनचूक करून दाखवलं. डिफरन्स एंजिन क्रमांक २ हे त्याचं नाव. उभ्या दांड्यांवर एकावर एक चाकं, प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ, आणि एका दांड्यावर ३१ अंकांची एक संख्या.

यंत्राचा हातदांडा फिरवला की हातच्यांची लाट चाकांच्या चळतीतून वळत वळत जाते. ती बघायला माणसं थबकतात, आणि थबकावं असंच ते दृश्य आहे. पण माझं मन जडलं ते तिथल्या पाचरींवर. समजा एखादं चाक घसरलं आणि २ व ३ यांच्या मधोमध थांबलं. आता ते काय दाखवतंय? दोन म्हणवत नाही, तीन म्हणवत नाही, आणि अडीच म्हणण्याची सोय त्या चाकात नाही. बॅबेजने यासाठी पाचरीच्या आकाराचे अडसर बसवले. चाक जरासंच हललेलं असलं तर पाचर फटीत शिरते आणि त्याला ढकलून जागेवर आणते. फारच भरकटलेलं असलं तर पाचर शिरू शकत नाही आणि अख्खं यंत्र जाम होतं. हातदांडा फिरवणाऱ्याला कळतं, आत कुठेतरी असा काही आकडा आहे जो आकडाच नाही. चुकीचं उत्तर बाहेर पडण्यापेक्षा उत्तर न पडलेलं बरं, असा बॅबेजचा हिशेब.

त्याच्या त्याहून मोठ्या स्वप्नात, अ‍ॅनालिटिकल एंजिनमध्ये, ही शंकेखोरी आणखी पुढे गेली होती. त्या यंत्राला मध्येच एखाद्या संख्येचा लॉगरिदम लागला तर ते घंटा वाजवून माणसाला बोलावणार होतं. माणसाने खणातून बरोबर कार्ड काढून आणायचं. कार्डावर मूळ संख्या आणि तिचा लॉगरिदम, दोन्ही भोकांनी कोरलेले. पण यंत्र माणसावर विश्वास टाकणार नव्हतं. आपल्याला हव्या असलेल्या संख्येतून ते कार्डावरची संख्या वजा करणार, आणि बाकी शून्य आली तरच पुढे जाणार. शून्य आली नाही तर आणखी मोठ्यांदा घंटा, यंत्र बंद, आणि ‘चुकीचा आकडा’ अशा अर्थाची एक पाटी. १८६४ साली छापलेल्या आत्मचरित्रात बॅबेजने हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्याच पुस्तकात तो ब्रिटिश संसदेच्या दोन सभासदांची टिंगलही करतो. यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का, असं त्यांनी त्याला विचारलं होतं. प्रोग्रामर मंडळी हा किस्सा आजही मिटक्या मारत सांगतात. मला त्या सभासदांची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. चुकीचा आकडा आला तर यंत्राने काय करावं, हा प्रश्न मुळीच बावळट नाही, आणि बॅबेजने स्वतःच त्याचं उत्तर द्यायला एवढ्या पाचरी आणि घंटा खर्ची घातल्या होत्या.

आज ही पाचर बसवण्याचं काम वेबसाइट बनवणाऱ्याच्या वाट्याला आलं आहे. फॉर्ममध्ये ‘वय’ असं लिहिलेला एक रकाना असतो. त्यात कुणी ‘७२’ लिहितं, कुणी ‘बहात्तर’, कुणी रिकामा सोडतं, कुणी चुकून तिथे नावच लिहून टाकतं. ब्राउझरला हे सगळं मजकूर म्हणूनच मिळतं. त्यातून संख्या कोणती, हे ठरवायचं कसं? एका ओळीचं काम, असं कुणालाही वाटेल. मग ती ओळ लिहायला बसलं की जमीन सरकायला लागते.

ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक याने दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. या भाषेत ‘नॅन’ नावाचं एक मूल्य आहे, ‘नॉट अ नंबर’चं लघुरूप, म्हणजे ‘संख्या नव्हे’. ‘बहात्तर’ या मजकुराची संख्या करायला सांगितली की जावास्क्रिप्ट नॅन देते. शून्याला शून्याने भागलं तरी नॅन. उणे एकचं वर्गमूळ काढायला लावलं तरी नॅन. इथवर ठीक. आता याच नॅनला विचारा की बाबा, तुझा प्रकार कोणता? जावास्क्रिप्ट निर्विकारपणे सांगते: संख्या.

‘संख्या नव्हे’ या मूल्याचा प्रकार ‘संख्या’! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा दहा दिवसांच्या घाईचा परिणाम वाटतो. तसं नाही, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण घाईची सावली दुसरीकडे खरोखर दिसते. एखादी गोष्ट संख्या आहे की नाही हे पाहायला भाषेने सुरुवातीपासून ‘इज-नॅन’ नावाचं फंक्शन दिलेलं आहे. नावावरून वाटतं, हे विचारणार: ‘तू नॅन आहेस का?’ प्रत्यक्षात ते आधी समोरच्याचं संख्येत रूपांतर करून बघतं, आणि ते फसलं तरच ‘संख्या नव्हे’ म्हणतं. या आधीच्या पायरीत सगळी गंमत आहे. रिकाम्या मजकुराचं रूपांतर शून्यात होतं, म्हणून रिकामा रकाना या चाचणीत बिनदिक्कत पास. नुसत्या तीन-चार मोकळ्या जागा दाबल्या तरी पास. ‘खरं’ हे तार्किक मूल्य दिलं तर त्याचा होतो १. तारीख दिली तर १ जानेवारी १९७० पासून किती हजारांश सेकंद लोटले ती संख्या. रिकामी यादी दिली तर शून्य. यादीत एकटा ५ असेल तर ५, पण ५ आणि ६ दोन्ही असतील तर मात्र नॅन. का? कारण यादीचा आधी मजकूर होतो, दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम येतो, आणि स्वल्पविरामाने रूपांतर कोसळतं. त्याच कारणाने आपण सवयीने लिहिलेले ‘१,००,०००’ इंग्रजी आकड्यांत टाकले तरी ते नॅन. एक लाख रुपये ही संख्या नव्हे.

रूपांतराचा दुसरा एक रस्ता आहे, ‘पार्स-इंट’. तो डावीकडून वाचत जातो, जमतील तेवढे अंक उचलतो, आणि पहिलं अनोळखी अक्षर दिसलं की तिथेच दुकान बंद करतो. शेरलॉक होम्सचा पत्ता २२१ बी, बेकर स्ट्रीट. पहिल्या रस्त्याने हा घरक्रमांक नॅन होतो, दुसऱ्या रस्त्याने २२१. एक म्हणतो असं घरच नाही, दुसरा टपाल भलत्याच दारात टाकतो. कोणता अपराध मोठा, हे ज्याचं पत्र हरवलं त्याला विचारावं.

२०१५ साली भाषेत मोठी डागडुजी झाली, तेव्हा नवं इज-नॅन आलं. हे काहीही रूपांतर करत नाही, समोर खरोखर नॅन हे मूल्य असेल तरच होकार देतं. ‘नमस्कार’ हा मजकूर जुन्या फंक्शनला दिला तर ते म्हणतं, हो, ही संख्या नव्हे. नव्याला दिला तर ते म्हणतं, नाही, हे नॅन नव्हे. नाव तेच, मजकूर तोच, उत्तरं उलटी, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर! जुनं काढून टाकता आलं नाही, कारण जगभरातली पानं त्याच्यावर उभी होती. त्यामुळे दोन्ही आजही नांदतात.

आता नॅनकडे. हा जावास्क्रिप्टचा शोध नाही. त्याची मुळं १९८५ साली आलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकात आहेत, आणि त्यामागचं प्रमुख डोकं होतं बर्कलेचे गणितज्ञ विल्यम कहान यांचं. दशांश संख्या यंत्रात कशा ठेवायच्या, बेरीज-भागाकारात घसरण होते तिचं काय करायचं, हे प्रश्न त्यांच्याआधी इंग्लंडमध्येही मुरत होते. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९४६ पासून अ‍ॅलन ट्युरिंगच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स विल्किन्सन यांनी अशा घसरणीच्या अभ्यासाचं शास्त्र केलं आणि १९७० साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कहान यांना तो १९८९ साली मिळाला. त्या मानकाआधी प्रत्येक कंपनीच्या यंत्राचं वळण निराळं. एकच हिशेब दोन यंत्रांवर दोन उत्तरं देई.

मानकाने संख्येला ६४ खणांची एक पट्टी दिली, प्रत्येक खणात शून्य किंवा एक. पहिला खण चिन्हाचा, पुढचे ११ घातांकाचे, उरलेले ५२ संख्येच्या अंकांचे. घातांकाचे अकराही खण एकने भरले की ती पट्टी नेहमीच्या संख्येची राहत नाही. तेव्हा ५२ खण सगळे शून्य असतील तर ते अनंत, आणि त्यांतला एकही शून्याहून वेगळा असेल तर नॅन. आता मोजा. ५२ खण भरण्याचे प्रकार दोनाचा बावन्नावा घात, त्यातून सगळे शून्य असलेला एक वजा, आणि चिन्हामुळे दुप्पट. उत्तर येतं ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९०. एकं दहं शतं करत वर गेलं तर अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी ओलांडून अंत्यापाशी पोचतो: नऊ अंत्यांहून अधिक निरनिराळे नॅन! जावास्क्रिप्टच्या प्रोग्रामरला त्यांच्यात फरक करता येत नाही, सगळे एकच. आणि जावास्क्रिप्ट ज्या सर्वांत मोठ्या पूर्णांकापर्यंत एकही पायरी न चुकता अचूक मोजू शकते, तो आहे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१. दोन्हींत बरोब्बर एकाचा फरक. हे गूढ वगैरे काही नाही, दोन्ही दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापासून निघतात, पण पहिल्यांदा शेजारी शेजारी पाहिले तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं.

तर नॅनचा प्रकार ‘संख्या’ का, याचं उत्तर असं: तो संख्येच्याच पट्टीत राहतो, संख्येच्याच गणितातून जन्मतो आणि त्याच गणितात पुढे फिरतो. नॅनमध्ये ५ मिळवा, नॅन. त्याला दोनाने भागा, नॅन. एक गमतीचा अपवाद सोडायला नको: नॅनचा शून्यावा घात जावास्क्रिप्टमध्ये १ येतो, कारण कशाचाही शून्यावा घात एकच धरलेला आहे, मग ते ‘कशाचाही’ काय आहे हे माहीत नसेना का.

आणि सगळ्यात विलक्षण गुण हा की नॅन स्वतःशी समान नसतो. ‘नॅन बरोबर नॅन’ असं तपासलं तर उत्तर ‘खोटं’. जावास्क्रिप्टमध्ये असं दुसरं मूल्य नाही. तर्क सरळ आहे. शून्य भागिले शून्यमधून आलेला नॅन आणि उणे एकच्या वर्गमूळातून आलेला नॅन यांना सारखं म्हणायला आधार काय? ज्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशा दोन गोष्टी सारख्या कशा? शिवाय एक व्यवहारी फायदाही होता. नॅन ओळखणारं फंक्शन ज्या भाषेत नसेल तिथेही तो ओळखता यावा: मूल्याची स्वतःशीच तुलना करा, जुळलं नाही तर तो नॅन. जुन्या प्रोग्राममध्ये ‘क्ष बरोबर क्ष नसेल तर’ अशी ओळ दिसली की नवखा माणूस ती वेडगळ समजून पुसायला जातो. पुसू नये.

बॅबेजची घंटा आठवा. हव्या संख्येतून हाती आलेली संख्या वजा करायची, बाकी शून्य आली की पुढे. नॅनातून नॅन वजा केला तर शून्य येत नाही, नॅन येतो. ती चाचणी इथे कधीच पास होणार नाही. दोघांच्या वाटा इथेच फुटतात. बॅबेज म्हणतो थांबा, कहान म्हणतात चालू द्या. लाखो ठिकाणांच्या तापमानांचा हिशेब चालू असताना एका ठिकाणची नोंद नाही म्हणून सगळं यंत्र थांबवणं परवडत नाही. ते एक ठिकाण नॅन होऊ द्यावं, बाकीच्यांचं उत्तर मिळू द्यावं, आणि शेवटी नॅन कुठे उरलाय ते पाहावं. हवामानाच्या कामात कहान यांचं बरोबर. बँकेच्या कामात बॅबेजचं. वेबच्या प्रोग्रामरची पंचाईत अशी की त्याच्या हाती यंत्र दिलंय कहान यांचं आणि काम सांगितलंय बॅबेजचं. म्हणून तर एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर कधीतरी ‘एकूण रक्कम: नॅन पौंड’ असं छापून येतं. कुठल्याशा रकान्यात काहीतरी संख्या नव्हतं, कुणी थांबवलं नाही, आणि ते बेरजा-गुणाकारांतून चालत चालत गिऱ्हाइकासमोर येऊन उभं राहिलं.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न फार नाजूक होतो, कारण तिथल्या रोजच्या जगण्यात आकड्यांसारखे दिसणारे पण आकडे नसलेले क्रमांक फार. बँकेच्या शाखेचा सॉर्ट कोड सहा अंकी, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. को-ऑपरेटिव्ह बँकेचे सॉर्ट कोड ०८ ने सुरू होतात. यातलं शून्य पुसलं तर ते दुसरंच काही होतं, आणि संख्या म्हणून साठवलं की पुढचं शून्य हमखास पुसलं जातं. लंडनचा दूरध्वनी ०२० ने सुरू, मँचेस्टरचा ०१६१ ने, मोबाइल ०७ ने, सगळ्यांची तीच गत. त्यात जावास्क्रिप्टच्या जुन्या काळात एक खोडी होती. पार्स-इंटला शून्याने सुरू होणारा आकडा दिला तर अनेक ब्राउझर तो अष्टमान पद्धतीतला समजत, जिथे अंक सातापर्यंतच. त्यामुळे ०७ चे व्हायचे ७, पण ०८ चे व्हायचे ०, कारण आठ हा अंक त्या पद्धतीत नाहीच. तारीख वाचणारे प्रोग्राम जानेवारी ते जुलै सुरळीत चालत, ऑगस्ट उजाडला की शून्यावा महिना दाखवत, सप्टेंबरभर तसेच राहत आणि ऑक्टोबरात आपोआप बरे होत. २००९ च्या मानकाने ही वाट बंद केली.

नॅशनल इन्शुरन्स नंबर तर नावातच नंबर आणि रूपात दोन अक्षरं, सहा अंक आणि शेवटी पुन्हा एक अक्षर. सरकारी फॉर्मवर नमुना म्हणून जो छापतात त्याची सुरुवात ‘क्यूक्यू’ अशी असते, आणि खऱ्या नंबरात क्यू हे अक्षर पहिल्या दोन जागी कधीच येत नाही. नमुना कुणाच्याही खऱ्या खात्याला लागू नये याची ती सोय.

एनएचएसचा म्हणजे राष्ट्रीय आरोग्यसेवेचा क्रमांक मात्र पूर्ण अंकांचा, दहा अंकी. त्याची दुसऱ्या क्रमांकाशी बेरीज कुणी करणार नाही, सरासरी काढणार नाही. तरी त्याच्या पोटात गणित आहे. पहिल्या नऊ अंकांना अनुक्रमे १०, ९, ८ असं करत २ पर्यंत गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी अकरातून वजा करायची. येईल तो दहावा अंक. ११ आले तर शून्य लिहायचं. आळशी माणूस फॉर्ममध्ये १२३४५६७८९ बडवतो म्हणून ते करून पाहा: १०, १८, २४, २८, ३०, ३०, २८, २४, १८, बेरीज २१०. अकराने भागून बाकी १, अकरातून वजा केले की १०. दहा एका खणात मावत नाहीत, आणि असं झालं की तो क्रमांक बाद धरतात. म्हणजे १ ते ९ ओळीने घेऊन जन्माला आलेला रुग्ण ब्रिटनमध्ये असूच शकत नाही. या चाचणीत कुठलाही एक अंक चुकला तरी पकडला जातो आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरीही. ११ ही मूळसंख्या आणि प्रत्येक जागेचा गुणक वेगळा, एवढ्यावर हे साधतं. ‘ही संख्या आहे का’ यापेक्षा ‘हा क्रमांक खरा असू शकतो का’ हा केवढा तरी शहाणा प्रश्न.

ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटचे फॉर्म बनवणाऱ्या चमूने हा शहाणपणा सोसून मिळवला. ब्राउझरमध्ये खास संख्येसाठीचा रकाना असतो. त्याच्या उजव्या टोकाला वर-खाली जाणारे दोन इवले बाण असतात, आणि काही ब्राउझरांत बहुतेक अक्षरं तो घेतच नाही. ऐकायला आदर्श. प्रत्यक्षात पान वर सरकवायला माउसचं चाक फिरवावं आणि लिहिलेला आकडा गुपचूप बदलून जावा, असं होई. बोलून टाइप करणाऱ्यांच्या ड्रॅगन या सॉफ्टवेअरला तो रकाना नीट वापरता येईना. अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएच्या यादीत तो बिननावाचा दिसे. शेवटी २०२० च्या फेब्रुवारीत त्यांनी संख्येचा रकाना सोडून दिला आणि साधा मजकुराचा रकाना घेतला, फोनवर मात्र अंकांचा कीबोर्ड उघडावा एवढी सूचना त्याला जोडली. अक्षरं अडवायचीच नाहीत. लिहू द्यायचं, मग तपासायचं आणि चुकलं तर साध्या भाषेत सांगायचं. सॉर्ट कोडमध्ये कुणी आडव्या रेघा घातल्या, कुणी मोकळ्या जागा सोडल्या, तरी चालतील, त्या यंत्राने काढाव्यात.

वेबच्या मानकातच यावर एक सुरेख कसोटी दिलेली आहे: वर-खाली बाणांनी एक-एक वाढवण्यात अर्थ असेल तरच तो रकाना संख्येचा. मुलं किती, याला बाण शोभतो. कार्डाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक एकाने चुकला तर तो ‘जवळपास बरोबर’ नसतो, पार चुकलेला असतो. मला ही कसोटी इज-नॅनच्या सगळ्या आवृत्त्यांहून खोल वाटते. अंकांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी ती संख्या आहे की नाही ते त्यांच्यात लिहिलेलं सापडत नाही. तिचं पुढे काय करायचंय, त्यावर ते ठरतं.

हे विसरल्याची सगळ्यात नाट्यमय शिक्षा भोगली ती केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन गावातल्या मंडळींनी. माणसाच्या जनुकांना अधिकृत नावं देणारी समिती तिथल्या युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये होती. जनुकांची नावं म्हणजे अक्षरं आणि अंकांचे जुडगे. शास्त्रज्ञ ती एक्सेलमध्ये चिकटवत, आणि एक्सेलला मदत करायची भारी हौस. ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची ते १ मार्च ही तारीख करी, ‘सेप्ट२’ची २ सप्टेंबर. जपानच्या रिकेन संस्थेचे नमुना-क्रमांक आणखी दुर्दैवी. त्यात ‘२३१०००९ई१३’ असा एक होता. मध्ये ई दिसल्याबरोबर यंत्राने त्याचा अर्थ लावला ‘गुणिले दहाचा तेरावा घात’, आणि प्रयोगशाळेतल्या एका नमुन्याचा पत्ता वीस अंकी राक्षसी संख्या होऊन बसला. मूळ रूप परत मिळत नाही. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे छापून सांगितलं. २०१६ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. २०२० साली हिंक्स्टनच्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. ‘मार्च१’चं झालं ‘मार्चएफ१’, ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’, अशी सत्तावीसेक. मायक्रोसॉफ्टने हे आपोआपचं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये दिली २०२३ साली. तोवर मानवाच्या जनुकांनी एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुढे आपली नावं बदलून घेतली होती.

आता आपल्या घरची गोष्ट. लंडनच्या हॅरोत राहणाऱ्या एखाद्या मराठी आजींनी फोनवर मराठी कीबोर्ड ठेवलाय असं समजा, आणि वयाच्या रकान्यात ७२ लिहिलं, आत्ता इथे छापलंय तसं, मराठी अंकांत. जावास्क्रिप्ट म्हणते नॅन. तिच्या व्याकरणात अंक म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ एवढेच. नावापुरतीच तिची बहीण असलेली जावा मात्र हे ७२ सरळ वाचते, पायथनही वाचते, कारण जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने या चिन्हांना ‘दशमान अंक’ अशी नोंद दिलेली आहे आणि त्या दोन्ही भाषा ती नोंद पाहतात. याहून मजेची गोष्ट अशी की याच जावास्क्रिप्टला एखादी संख्या मराठी पद्धतीने छाप म्हटलं, तर ती १,२३,४५६ असं अगदी आपल्या अंकांत, आपल्या स्वल्पविरामांसकट छापून देते. आणि ते तिने स्वतः छापलेलं तिलाच परत वाचायला दिलं की म्हणते, ही संख्या नव्हे.

दुरुस्ती अगदी छोटी आहे. मराठी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, नवाचा २४१५, मधले ओळीने. प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे, शून्य ते नऊ मिळतात. फक्त एक सावधगिरी हवी, विशेषतः कागदावरून पाहून टाइप करणाऱ्यांच्या बाबतीत: आपला १ इंग्रजी नवासारखा दिसतो. म्हणून वाचलेलं वय पुढच्या पानावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही अंकांत दाखवावं, शेजारी ‘बदला’ असा दुवा द्यावा, आणि आजींनी होकार दिल्यावरच फॉर्म पुढे पाठवावा. ब्रिटिश सरकारच्या फॉर्मांत शेवटी उत्तरं तपासायचं पान बहुधा असतंच, त्यात एवढी एक ओळ वाढेल.